मिरचीच्या गोदामातली कॅसेट

मिरजेला जाऊन मी गिटारीच्या म्हणून ज्या तारा आणल्या, त्या सतारीच्या निघाल्या. दुकानदारानं ‘कशाच्या पाहिजेत?’ असं विचारलं नव्हतं असं नाही. पण मी पडलो कोल्हापूरच्या बँडमास्तरचा पोरगा. वाद्यांच्या दुकानात उभं राहून ‘गिटारीच्या तारा कशा दिसतात हो?’ असं विचारायची मला लाज वाटली. काचेच्या कपाटात जी गुंडाळी सगळ्यात जास्त चमकत होती तिच्याकडं बोट दाखवून ‘ह्या द्या’ म्हणालो, जणू जन्मापासून ह्याच वापरत आलोय. घरी आल्यावर आमच्या आक्कानं गुंडाळी उलगडली, एक तार उजेडाकडं धरली आणि म्हणाली, “बाळ्या, ही तार हाय का माझ्या डोक्याचा केस?” पण पुन्हा मिरजेला कोण जाणार? खालच्या दोन जुन्या जाड तारा ठेवून बाकीच्या तिनं त्याच बसवल्या. मग ती गिटार जी वाजायला लागली, ती गिटारीसारखीही नाही आणि सतारीसारखीही नाही. एखादं तुणतुणं शहरात कॉलेज शिकून परत गावी आलंय, असा तो आवाज होता.

परवा आमच्या भाच्याचा एक मित्र घरी आला होता. कानाला ते भलेमोठे हेडफोन लावून त्यानं आक्काची कॅसेट सबंध ऐकली आणि म्हणाला, “काका, हे तर फोक रॉक आहे! त्या काळात हे तुम्ही कोल्हापुरात बसून केलंत?” मी जमेल तेवढा गंभीर चेहरा करून मान हलवली. फोक रॉक म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा आम्ही त्याला ‘आक्काचं गाणं’ म्हणायचो, आणि आई ‘त्या खोक्याचं तुणतुणं’ म्हणायची.

आमचं घर मंगळवार पेठेत, तालमीच्या बोळात. घर म्हणजे खालची मोठी खोली बँडाची आणि त्यातून उरलेलं आमचं. दोरीवर लाल कोट टांगलेले, त्यांच्या खांद्यांवर सोनेरी झालर. कोपऱ्यात ढोल, त्याच्यावर ट्रंपेटं उपडी घातलेली, आणि ढोलामागं मांजरीची पिल्लं. आईनं चिंच आणली की निम्मी आमटीला आणि निम्मी पितळ घासायला. पहाटे तालमीतले पैलवान शड्डू ठोकायचे, त्यानं बोळ जागा व्हायचा. मग म्हशी जायच्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या, आणि त्यांचा आवाज कुठं संपतोय तोवर खाली ट्रंपेटवाल्यांचा रियाज सुरू. कुणाचंच कुणाशी जुळत नसे. एक जण बारशाचं वाजवतोय, दुसरा विसर्जनाचं. त्या गोंगाटात आई भाकरी थापायची, आणि मी शप्पथ घेऊन सांगतो, तिचे हात खालच्या ढोलाच्या ठेक्यात पडायचे. ढोल चुकला की भाकरी चिरायची. मग ती जिन्यातून ओरडायची, “आरं, नीट बडवा की!”

आबा म्हणजे आमचे वडील. क्लॅरिनेट वाजवायचे. अंगानं काटकुळे. बँडाचा कोट घातला की कोटच चाललाय असं वाटायचं. पण क्लॅरिनेट तोंडाला लागली की गल्लीतली कुत्रीसुद्धा खाली बसायची. त्यांचे बँडाचे नियम दोनच होते. एक, लोकांत गाजलेलंच वाजवायचं. नवीन चाल असली तर आधी रस्त्यावर वाजवून बघायची. रस्त्यावर टिकली तर ठेवायची, नाहीतर सोडायची. दुसरा, वाजतंय तोवर मध्ये बोलायचं नाही. समोर पाटील असो नाहीतर फौजदार, चाल सुरू झाली की संपल्याशिवाय आबा कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. एकदा घराच्या दाराला आग लागल्याचं सांगायला शेजारी धावत आला, तर त्याला हातानं थांबवून आबांनी अंतरा पुरा केला होता. आग चुलीतल्या गोवऱ्यांचीच होती म्हणून बरं.

गिटार घरात आली ती पेद्रूमामांमुळं. ते मूळचे गोव्याकडचे, चंदगडात काही वर्षं काढून आमच्या बँडात ट्रंपेटला आले. पुढं त्यांना आखातात नोकरी लागली, तेव्हा जाताना आपली गिटार आक्काच्या मांडीवर ठेवून म्हणाले, “शालन, ही तिकडं नेऊन काय वाळूत पुरू?” चार-पाच कॉर्ड त्यांनी तिला आधीच शिकवले होते. आक्का माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, एका बालवाडीत शिकवायची. पोरांना झोपवायची गाणी तिथं तिला पुरेनाशी झाली आणि ती स्वतःच रचायला लागली. लहानपणी आईच्या जात्यापाशी ऐकलेल्या ओव्यांच्या चाली, त्याखाली पेद्रूमामांचे कॉर्ड, आणि शब्द आमच्या बोळातले. वरातीच्या घोड्यावर तिनं केलेलं गाणं मला अजून पाठ आहे:

रोज नवा नवरदेव, घोडं आपलं तेच,
रोज नवी वरात तरी चौक आपला तोच.

घोडेवाला हे ऐकून हसला आणि मग दोन दिवस घोड्याला गूळ चारत होता. ठेका धरायला मी साईड ड्रम घेऊन बसायचो आणि आमच्याच बँडातला बंडा हलगी घेऊन. हलगी ही एरवी मिरवणुकीत, कुस्तीच्या मैदानात वाजायची गोष्ट. आक्कानं तिला ओवीखाली आणून बसवली. सुरुवातीला गाणंच ऐकू येईना. मग ती बंड्याला म्हणाली, “बंडा, समोर पैलवान न्हाई, मी हाय.” तेव्हापासून तो बोटांनी वाजवायला लागला.

आता मुख्य गाण्याकडं येतो, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. बँडवाला वरातीच्या पुढं चालतो, सगळ्या गावाला मांडवापर्यंत घेऊन येतो आणि मांडवाच्या दारात थांबतो. आत जायची रीत नाही. नवरदेव आत जातो, वऱ्हाड आत जातं, आणि वाजवणारे बाहेर एखाद्या झाडाखाली बसून राहतात, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत. आबांनी याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. पण आईनं एकदा भाकरी करता करता आक्काला सांगितलं होतं, की लग्न होऊन ती नवीन आली तेव्हा एका वरातीत जेवण संपलं, बँडवाल्यांच्या हातावर कागदात बांधून काहीतरी गोड दिलं आणि वाटेला लावलं. आबांनी ते न खाता घरी आणलं आणि आईला म्हणाले, “बघ, माझ्यासाठी येगळं काढून ठेवलं हुतं.” आक्कानं त्याचं गाणं केलं:

वरातीच्या म्होरं म्होरं बाप माझा चाले,
मांडवाच्या दारी येता पाय का रं थांबले?

हे गाणं आबांना माहीत नव्हतं. आमच्या घरात ते फक्त आबा बाहेर असताना वाजायचं. लग्नसराईत ते बाहेरच असायचे, त्यामुळं रियाज भरपूर झाला.

रशीदभाई हे आमच्या पेठेतले लाऊडस्पीकरवाले. गणपती, उरूस, बारसं, सभा, सगळीकडं त्यांचेच कर्णे. त्यांच्याकडं नवीन मिक्सर आला होता आणि त्यामुळं त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. आक्काची गाणी ऐकून म्हणाले, “शालनबेटी, अपन कॅसेट काढायची. देवाची गाणी सगळे काढत्यात, हे तुजं कोण काढतंय?” गिटारीला त्यांनी एक पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा छोटा माइक, डकवला आणि तिची वायर थेट कर्ण्याला जोडून बघितली. जो काही फाटका, खरखरीत, छातीत घुसणारा आवाज आला, त्यानं समोरच्या तालमीतला एक पैलवान लंगोटावरच बाहेर आला. आम्हाला वाटलं बिघडलं. आक्का म्हणाली, “न्हाई रशीदभाई, ह्योच पायजे.”

कॅसेट काढायची तर आबांना विचारायला हवं. आबा जेवत होते. ताटात भाकरी, वांग्याचं भरीत आणि आईची कांदा-लसूण चटणी. आक्कानं विचारलं. आबांनी चटणीवर तेल घेतलं, कालवलं, घास घेतला आणि म्हणाले, “काय गायचं ते गा. निस्तं आपल्या घरातलं रस्त्यावर आणू नगंस. ज्यांच्या दारात वाजवतो त्यांचंच अन्न खातो आपण.” आक्का आत येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “बाळ्या, ते गाणं नसंल तर मला कॅसेटच नगो.”

“मग आबांना ऐकवू की.”

“आन् ते नगं म्हणाले तर?”

मी कामाला लागलो. अवघड प्रश्न आला की कामाला लागायचं, ही माझी जुनी खोड आहे. मॅनेजर म्हणून स्वतःची नेमणूक मीच केली होती आणि पहिलं काम होतं शांत जागा शोधणं. आमच्या पेठेत तालीम, म्हशी आणि चार बँड, त्यामुळं तिथं कॅसेट काढली असती तर ती आक्काची न होता मंगळवार पेठेची झाली असती. आणि मग मला सुचलं. भरत माझा वर्गमित्र. त्याचे वडील जैन व्यापारी, मिरचीचे. त्यांच्या गोदामात संकेश्वरी मिरचीची पोती जमिनीपासून छतापर्यंत रचलेली. मी आत जाऊन टाळी वाजवली तर टाळी तिथंच मेली, जरासुद्धा घुमली नाही. रशीदभाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली, “बाळू, पैसे देऊन असा स्टुडिओ नाही मिळणार!” भरतच्या वडिलांनी बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी किल्ली दिली. मी दोन दिवस छाती काढून फिरत होतो. मिरचीची पोती ही आतून मिरचीनं भरलेली असतात, हा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही सगळं मांडलं. मी, बंडा, भरत, रशीदभाई आणि गिटार मांडीवर घेतलेली आक्का. रशीदभाईंनी बोट वर केलं, टेप फिरायला लागली. बंड्यानं हलगीवर पहिली थाप मारली आणि त्या थापेनं आजूबाजूच्या पोत्यांना जो हादरा बसला, त्यानं तांबडी धूळ हळूहळू, सावकाश, कुंकू उधळल्यासारखी आमच्यावर उतरली. आक्कानं गाण्यासाठी पूर्ण छातीभर श्वास घेतला. पुढचा आवाज जो टेपवर आहे तो संगीताच्या कुठल्याही प्रकारात बसत नाही. आक्का शिंकली, मग मी, मग भरत, जो जन्मापासून मिरचीत वाढला होता आणि आम्हाला हसत होता. रशीदभाई शिंकता शिंकता ‘कट, कट’ म्हणत होते, पण बटण त्यांना दिसत नव्हतं.

दुपारच्या आत आई डबा घेऊन आली, तोवर आम्ही बाहेर पायरीवर रडत बसलो होतो. तिनं आमच्याकडं एक नजर टाकली. दर उन्हाळ्यात ती चटणी कुटायला डंकावर, म्हणजे कांडप गिरणीत, जायची. तिथं दिवसभर मिरची कुटणाऱ्या बाया असतात, त्यांच्यात तिची उठबस. ती म्हणाली, “नाकाला तेल लावलं न्हाईसा? आन् गाणं म्हणाय निघालाय!” मग तिनं डब्यात चटणीवर घ्यायला आणलेल्या तेलाचं बोट प्रत्येकाच्या नाकपुड्यांत फिरवलं, रशीदभाईंच्या सुद्धा, आणि ओली फडकी तोंडाला बांधायला दिली. आक्काला फडकं बांधून गाता येईना, म्हणून तिला ताकाचा तांब्या दिला, प्रत्येक कडव्यानंतर घोट. त्याच्यानं जमलं. घोड्याचं गाणं झालं, म्हशीचं झालं, बालवाडीचं झालं. कॅसेट नीट ऐकलीत तर दोन ओळींमध्ये घोट गिळल्याचा आवाज येतो. परवाचा तो मुलगा म्हणाला, हे फारच प्रायोगिक आहे.

शेवटचं गाणं राहिलं आणि बंड्याची हलगी उतरली. आता हलगी उतरली की तिला शेकायची, चामडं ताणून वर यायला, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत. कुठंही असो, हलगीवाला चार काड्या, कागद गोळा करतो, पेटवतो, हलगी धरतो. हाताला सवय असते, डोक्याला विचारावं लागत नाही. बंड्यानं गोदामाच्या कोपऱ्यात कागद गोळा केले आणि काडी ओढली. खाली सांडलेल्या मिरच्या त्या कागदांसकट पेटल्या. जळक्या मिरचीचा ठसका ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. आम्ही बाहेर पळालो, भरत ओरडत आत पळाला आणि ताकाचा सगळा तांब्या त्यानं त्या आगीवर ओतला. आगीनं काही बिघडलं नाही, एवढीशीच होती. पण आक्काच्या गळ्याचं ताक गेलं. आई बंड्याला म्हणाली, “मुडद्या, उद्या हलगीसंगं घर पेटवशील!” बंडा शेकलेली हलगी छातीशी धरून उभा होता. म्हणाला, “काकी, पर चढली बगा मस्त.”

शेवटचं गाणं आम्ही अशा घशांनी घेतलं. आक्काचा आवाज खर्जात बसला होता, कडेला थोडा फाटलेला, आणि तो फाटका आवाज आणि कर्ण्यातली ती फाटकी गिटार दोन्ही एकाच घरची वाटायला लागली. मी दाराकडं तोंड करून बसलो होतो, त्यामुळं ते मला पहिल्यांदा दिसले. दुसरं कडवं सुरू होतं. पोत्यांच्या फटीतून लाल कोट आत आला, खांद्यावर झालर, काखेत क्लॅरिनेट. त्या दिवशी संध्याकाळी वरात होती आणि साईड ड्रम मी घरात न सांगता उचलून आणला होता. आबा तो न्यायला आले होते, तोंडात शिवी तयार ठेवूनच.

आक्काची पाठ दाराकडं होती. ती गात होती:

नवरदेव आत गेला, आत गेली वरमाय,
फुंकणाऱ्या ओठांना ह्या पुसलं कुणी न्हाय;
वाटंवरती उभ्या त्याला कुणी दिला पुडा,
कागदातनं घरी आला बुंदीचा चुरा.

आबांचं तोंड उघडं होतं ते मिटलं. गाणं चालू होतं. वाजतंय तोवर मध्ये बोलायचं नाही. ते उभे राहिले, तसेच, क्लॅरिनेट काखेत, आणि मी त्यांच्याकडं बघत ड्रम वाजवत राहिलो, कारण थांबण्यापेक्षा वाजवणं सोपं होतं. माझ्या आयुष्यात कुठलंच गाणं इतकं लांब झालं नाही. आक्काच्या शेवटच्या कॉर्डनंतर रशीदभाईंनी बटण दाबलं आणि मग आक्कानं माझ्या तोंडाकडं बघून मान वळवली. आबांचे डोळे लाल होते. पण तिथं सगळ्यांचेच होते, रशीदभाईंच्या तर नाकालाही धार लागली होती, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही.

आबा पहिल्यांदा आईकडं बघून बोलले. “तू सांगिटलंस हिला?”

“मग कोण सांगणार? तुमी?” आई पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाली.

मग आबा बंड्याकडं वळले. “दुसऱ्या कडव्यात हलगी म्होरं पळतीया.”

“व्हय मास्तर,” बंडा पुटपुटला.

“आन् शालन,” आबा म्हणाले, “बुंदी न्हवती. जिलबी हुती. मोडकी हुती, पर जिलबी हुती. लिवायचं तर खरं लिवावं.”

आक्काचा आवाज आधीच बसलेला. ती कशीबशी म्हणाली, “आबा, जिलबी चालीत बसत न्हाई.”

“बसीव.”

तिनं बसवली. तिथंच, गुडघ्यावर बोटं वाजवत, दोन-तीनदा पुटपुटत. ‘कागदातनं घरी आली जिलबी मोडकी.’ मग वरच्या ओळीतल्या ‘दिला पुडा’चं ‘दिली पुडकी’ करून तिनं यमक जुळवून घेतलं. रशीदभाईंना धीर आला. ते म्हणाले, “मास्तर, तुमी पन वाजवा ना याच्यात. क्लॅरिनेट आली तर काय बहार येईल!” आबांनी मान हलवली. “मी न्हाई वाजवणार. मी वाजवलं तर लोक म्हणतील, बापानं करून दिलं.” आणि ते पोत्याला टेकून उभे राहिले, गाणं पुन्हा पुरं होईपर्यंत. या खेपेला हलगी पळाली नाही. मग त्यांनी माझ्या पुढ्यातला ड्रम उचलला. ते दाराशी पोचले तेव्हा आक्कानं विचारलं, “आबा, ठेवू का नगो हे गाणं?”

आबा थांबले. “रस्त्यावर वाजवून बघतो,” म्हणाले. “मग सांगतो.”

पुढचे दिवस आक्कानं कसे काढले ते मला माहीत आहे, कारण ती दर सकाळी माझ्यावर ओरडायची. रशीदभाई टेप घेऊन वाट बघत बसले. आबांनी ती चाल क्लॅरिनेटवर बसवली, खाली बँडाच्या खोलीत, दार लावून. ट्रंपेटवाल्यांना शिकवली. कशाची चाल म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, “नवीन हाय.” आक्का जिन्यात बसून ऐकायची आणि आई तिला मुद्दाम भांडी घासायला बोलवायची नाही.

ती चाल रस्त्यावर पहिल्यांदा वाजली पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात. भरदुपारची वरात. आम्ही टेंपोतून गेलो होतो, कोट आतून घामानं चिकटलेले. सबंध वाट आबांनी नाचायची गाणी वाजवली आणि पोरं मनासारखी नाचली. मांडव समोर दिसला, तसा आबांनी हात वर केला. बँड थांबला. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड मागं, समोर मांडवाचं दार, आणि दारात ओवाळायला ताट घेऊन उभ्या असलेल्या मुलींमध्ये सगळ्यात पुढं एक उंच पोरगी, पोपटी साडी-पोलक्यात. आबांनी क्लॅरिनेट ओठाला लावली आणि आक्काचं गाणं सुरू केलं. मांडवाच्या दारात, जिथं पाय थांबतात तिथंच उभं राहून.

सुरुवातीला लोकांना वाटलं, काहीतरी मंगल असेल. मग पोरांनी हात खाली सोडले, कारण ह्याच्यावर नाचता येईना. नवरदेवाचा कुणी मामा पुढं आला, फेटा सावरत ओरडला, “ओ मास्तर! ह्ये काय रडगाणं लावलंय? मुहूर्त टळाय लागलाय!” आबांचे डोळे मिटलेले. मामा माझ्याकडं आला. “पावणं, सांगा की तुमच्या म्हाताऱ्याला!” मी ड्रम वाजवत होतो आणि मला नियम माहीत होता. भटजी आतून बाहेर आले, घड्याळ दाखवायला लागले. ताटातलं निरांजन वाऱ्यानं फडफडायचं, ती पोरगी ते पदराच्या आडोशाला घ्यायची, पोपटी पोलक्याची बाही पुढं करून, आणि आबांकडं बघत राहायची. अंतरा, पुन्हा ध्रुवपद, दुसरं कडवं, जिलबी जिथं येते ती ओळ क्लॅरिनेटवर दोनदा. शेवटचा सूर संपला आणि घोड्यानं केलेली फुरफुर सगळ्यांनी ऐकली. मग वऱ्हाड आत गेलं आणि आम्ही चिंचेच्या झाडाखाली जाऊन बसलो.

घरी आल्यावर आबांनी कोट दोरीवर टाकला, हातपाय धुतले, आणि आक्का पाणी घेऊन समोर उभी राहिली तर तिच्याकडं न बघता म्हणाले, “शेवटचं कडवं लांबतंय. मामा लोकांना दम न्हाई. बाकी ठेव. आन् कॅसेटीवर नाव नीट घाल, माझ्या नावासकट.” आक्कानं पाण्याचा तांब्या तसाच त्यांच्या हातात दिला आणि आत जाऊन जी रडायला लागली ती आईच्या फोडणीच्या वासानंच थांबली, कारण त्या दिवशी आईनं तिच्यासाठी मटणाचा तांबडा रस्सा केला होता आणि तो गार होत होता.

कॅसेट निघाली. ‘वरातीच्या म्होरं’ असं नाव, मागं आक्काचा गिटार घेतलेला फोटो, तोही रशीदभाईंच्या दुकानातल्या कर्ण्यांच्या पुढं बसून काढलेला. लोकांनी डोक्यावर घेतली असं म्हणवत नाही. दुकानदार ती भक्तिगीतांत ठेवावी का लोकगीतांत, यावर भांडायचे. दुसऱ्या दोन बँडमास्तरांनी आबांशी बोलणं टाकलं, आणि एका तिसऱ्यानं रस्त्यात थांबवून त्यांच्या हातात हात दिला. आक्काचं पुढं लग्न झालं. तिनं आणखी गाणी केली, आणि गिटारीच्या तारा ती स्वतः जाऊन आणते.

आणि ती ताटवाली पोरगी. दीड-दोन वर्षांनी तिचं स्थळ आम्हाला सांगून आलं, आणि मी तिला पाहताक्षणी ओळखलं, तिनं मला ओळखलं नाही. आता ती माझी बायको आहे. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मी तिला आक्काची कॅसेट लावून दिली. शेवटचं गाणं आलं तशी ती निवडायचे तांदूळ तसेच सोडून बसली. मी मुद्दाम विचारलं, ओळखलंस का? ती म्हणाली, “ओळखायचं काय त्यात? माझ्या मावसबहिणीच्या लग्नात ह्याच्यापायी मुहूर्त गेला. मावशी अजून शिव्या घालती.” मग पंखा चालू असतानाही तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “पितळंचं ताट हुतं, भरलेलं. हात नुसतं भरून आलतं माझं. पर गाणं चालू हाय तवर ते खाली ठेवावं असं मनात आलं न्हाई. तेवढं आबांना सांगू नगा हां, परत वाजवतील.”